आमचं ‘खरं’ म्हणजे इंग्लिशचं ‘बट’

सुट्टीला ताईची पोरगी खानापूरहून आलीय, पुढच्या वर्षी एसएसएलसी, म्हणजे आमच्या कर्नाटकातली दहावी. मराठी मीडियम, त्यात कन्नड, त्यात इंग्लिश, तिन्ही भाषा एकाच दप्तरात. परवा ती इंग्लिश वाक्यांचे प्रकार, सिंपल, कंपाउंड, कॉम्प्लेक्स घेऊन बसली होती. विचारलं काय लिहालीस, तर म्हणे, "मामा, लहान वाक्य सिंपल, मध्यम ते कंपाउंड आणि लांबलचक असेल ते कॉम्प्लेक्स, हो की नाही?"

नाही गं बाई. लांबीचा काही संबंध नाही. ‘इफ इट रेन्स, वी स्टॉप’ एवढंसं वाक्य, खरं ते कॉम्प्लेक्स. आणि ‘माय ओल्ड अंकल फ्रॉम निपाणी केम विथ टू बिग बॅग्ज ऑन अ रेनी मॉर्निंग’ एवढं ऐसपैस असूनसुद्धा सिंपल, कारण त्यात क्रियापद एकच, केम.

तरी तिच्या डोक्यात शिरेना. मग म्हटलं इंग्लिश ठेव बाजूला, आपलंच बोलणं घे. ‘पाऊस असूनही गेलो’, हे केवल वाक्य. ‘पाऊस होता खरं गेलो’, हे संयुक्त. ‘जरी पाऊस होता तरी गेलो’, हे मिश्र. गोष्ट तीच, बांधणी तीन. (पुण्यामुंबईच्या लोकांसाठी : आमच्या बेळगावात ‘खरं’ म्हणजे ‘पण’. ‘आलो असतो खरं बस चुकली.’) आता इंग्लिशमध्ये ‘इन स्पाइट ऑफ द रेन आय वेंट’, ‘इट वॉज रेनिंग बट आय वेंट’, ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, आय वेंट’. बट काढून टाकलास तर दोन्ही तुकडे आपापले धड उभे राहतात, म्हणून कंपाउंड. ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग’ एवढंच बोलून कुणी गप्प बसलं तर आपण म्हणणार, हां मग? पुढं काय? म्हणजे तो तुकडा दुसऱ्याच्या आधाराने चाललाय, म्हणून कॉम्प्लेक्स.

इथं आपली पोरं हमखास घसरतात. जरीला तरी लागतोच ना आपल्यात, म्हणून ‘ऑल्दो’ लिहिलं की पुढं ‘बट’ पण टाकून मोकळी होतात. इंग्लिशला दोघांपैकी एकच चालतं.

कंपाउंडमध्ये दोन वाक्यं जोडणारे शब्द सातच, फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो, पहिली अक्षरं जोडून फॅनबॉइज. खरं अँड दिसला की कंपाउंड असंही नाही हां, ‘आय लाइक टी अँड शिरा’ मध्ये त्यानं नुसता चहा आणि शिरा जोडलाय, वाक्यं नाहीत.

अजून एक भानगड, आणि ती खास आपल्या भागातली. आपण ‘तो म्हणाला की येतो’ असं कुठं बोलतो, आपण बोलतो ‘येतो म्हणून सांगितला’. कन्नडमध्ये ‘बरतीनि अंत हेळिद’, तसंच, जोडणारा शब्द मागनं, सांगणं शेवटी. त्यामुळं पोरीनं आधी लिहिलं ‘आय विल कम दॅट ही सेड’. तिला म्हटलं, इंग्लिशमध्ये गाडी उलटी लाव, आधी ‘ही सेड’, मग ‘दॅट’, मग काय सांगितलं ते.

पाच मिनिटांनी वही पुढं केली. ‘मामा सेड दॅट ही वुड ब्रिंग कुंदा.’ (कुंदा म्हणजे आमच्या बेळगावची मिठाई.) कॉम्प्लेक्स आहे, बरोबर आहे, खरं मी असं कधी म्हटलंच नव्हतं. संध्याकाळी आणला.