तुम्ही विचारलंत म्हणून : ‘शाम्पू नाही? मग केस धुता कशाने?’

लिफ्टमध्ये विचारतात, लग्नात जेवणाच्या रांगेत विचारतात, परवा बँकेत पासबुक भरायला उभी होते तर मागच्या मुलीने विचारलं, ‘काकू, केसांना काय लावता?’ शाम्पू लावत नाही म्हटलं की दुसरा प्रश्न ठरलेला, ‘अय्या, मग धुता कशाने?’ आणि तिसरा जरा आवाज खाली आणून, ‘वास नाही येत?’ लिफ्ट चौथ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत या तिन्हींची उत्तरं होत नाहीत. म्हणून एकदा बसून लिहिते.

आधी वासाचं. येतो. न्हायल्यावर दिवसभर शिकेकाईचा आंबूस-तुरट वास येतो. मला तो आवडतो. माझ्या मुलाला नाही आवडत, तो ‘आज आमटी कुणी सांडली?’ म्हणतो.

दुसरं, माझे केस काही जाहिरातीतले नाहीत. कमरेच्या चार बोटं वर, मध्यम जाड, कपाळाशी पांढरे. मी एक्कावन्न वर्षांची आहे. शाम्पू सोडल्याने केस वाढले, दाट झाले असं मी कुणालाही सांगत नाही. केस महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटिमीटर वाढतात आणि मूळ जे ठरवेल ते ठरवेल. बाहेर लोंबणारा केस मेलेलाच असतो, त्याला तुम्ही काहीही पाजा. दिवसाला पन्नास-शंभर केस गळणं हे तर सगळ्यांचंच चालू असतं. फणीत गुंता दिसला की घाबरून डबे-बाटल्या बदलणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

मी सुरुवात केली ती चुकीची केली. इथे नाशकात, सातपूरच्या एका कंपनीत सव्वीस वर्षं अकाउंट्स बघत होते. चार वर्षांपूर्वी नोकरी सोडली, हातात मोबाइल आणि मोकळी दुपार आली, आणि त्यात एक व्हिडिओ आला. खायचा सोडा पाण्यात कालवून केसांना चोळायचा, मग सफरचंदाच्या व्हिनेगरने धुवायचं. परदेशात म्हणे शाम्पू सोडणारे असंच करतात. मी तीन आठवडे इमाने इतबारे केलं. केसांचा काथ्या झाला. वेणी घातली की दोरखंड. नंतर कळलं ते इतकंच की डोक्याच्या त्वचेचा सामू (पीएच) साडेपाचच्या आसपास, म्हणजे किंचित आंबटाकडे, आणि सोड्याचं पाणी आठच्या वर. त्या अल्कधर्मी पाण्याने केसावरचे खवले उघडतात, एकमेकांत अडकतात आणि तुटतात. ढोकळा फुगवणारी वस्तू डोक्यावर घालायची माझी बुद्धी.

मग मी आईला विचारलं, जे आधी करायला हवं होतं.

आई म्हणाली, मेन रोडच्या मागच्या बोळात काष्ठौषधीचं दुकान आहे, तिथे जा, पूड आणू नकोस, अख्खं आण. गेले. दुकानदाराने शिकेकाईची शेंग माझ्यासमोर वाजवून दाखवली. आत बी खुळखुळली की शेंग नीट वाळलेली. रिठे बिया काढलेले घेतले, आवळकाठी घेतली, मूठभर नागरमोथा आणि कपूरकाचरी वासाला. तिथून सराफ बाजार जवळच. एका ओळखीच्या पेढीवर पाणी प्यायला थांबले तर कारागीर वाटीत रिठ्याचा फेस करून चांदीचे पैंजण ब्रशने घासत होता. येवल्याला पैठणी धुवायलाही रिठाच चालतो. चांदीला आणि रेशमाला जे चालतं ते केसाला का नको, असं मला तेव्हा वाटलं. तो विचार चूक नव्हता, पण अर्धा होता. रिठ्याबद्दल पुढे सांगते.

माझं माप असं आहे. लांब केसांना दहा-बारा शेंगा, चार रिठे, मूठभर आवळकाठी. रात्री लोखंडी कढईत भिजत घालायचं. आवळ्यातला तुरटपणा लोखंडाला लागला की पाणी काळं होतं. घाबरू नका, पांढऱ्या टॉवेलपासून मात्र जपा. सकाळी मंद आचेवर निम्मं होईपर्यंत उकळायचं, गार झालं की हाताने कुस्करायचं, चांगलं कुस्करायचं, आणि जुन्या मलमलच्या फडक्यातून गाळायचं. हे पाणी टिकत नाही. दुसऱ्या दिवशी आंबायला लागतं, फ्रिजमध्ये तीन-चार दिवस जातं. मी एकदा झाकण घट्ट लावून ओट्यावर विसरले, आणि उघडताना जे झालं ते भिंतीवर अजून आहे.

गाळायचं यावर मी जोर देते आहे त्याला कारण आहे. सुरुवातीचे दोन महिने मी आईचं अर्धंच ऐकलं होतं. अख्खं आणून मिक्सरमधून काढलं आणि पूडच डोक्याला लावत होते. एके दिवशी बाथरूममध्ये घोट्याएवढं पाणी. प्लंबर आला, वाकला, हात घातला आणि म्हणाला, ‘ताई, नाणी ट्रॅप चोक झालाय. तुम्ही इथे भांडी घासता का?’ खालच्या मजल्यावरच्या वहिनींच्या छताला ओल आली होती ती वेगळीच. नाणी ट्रॅप म्हणजे न्हाणीतला ट्रॅप. शब्द न्हाणीचा राहिला, पण शिकेकाईचा चोथा पोटात घ्यायची ताकद त्याच्यात राहिलेली नाही. वाड्यातल्या न्हाणीला उघडी मोरी होती, चोथा थेट परसातल्या अळूला जायचा.

आता रिठ्याचं. शिकेकाईत आणि रिठ्यात सॅपोनिन नावाचं द्रव्य असतं. त्याचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला, आणि दोघांना ओढत घेऊन जातं. शाम्पूही हेच करतो, फक्त फार जोरात. पण ‘नैसर्गिक आहे, म्हणजे सौम्य’ असं कुणी म्हणालं की मी त्यांना रिठ्याचा एक थेंब डोळ्यात जाऊ द्या म्हणते. याच रिठ्याचं पाणी सोडून मासे गुंगवून पकडायची जुनी रीत आहे. म्हणून चारच रिठे. जास्त घातले तर फेस येतो, बरं वाटतं, आणि दोन दिवसांनी डोकं खाजतं.

फेस येत नाही याची सवय व्हायला मला दीड महिना लागला. त्या दीड महिन्यात केस चिकट होते, खरंच चिकट. लोक सांगतात की शाम्पू बंद केला की डोकं हळूहळू तेल कमी सोडायला शिकतं. मला ते पटत नाही. तेलाच्या ग्रंथींना बाटली कोणती ते कसं कळणार? माझ्या बाबतीत झालं एवढंच की मी तेल ओतायचं कमी केलं. पूर्वी शनिवारी रात्री वाटीभर खोबरेल थापायचे, कारण रविवारी शाम्पू ते सगळं उपसून काढायचा. शिकेकाई एवढं तेल काढत नाही. आता न्हायच्या तासभर आधी चमचा-दीड चमचा, तेही केसांना, टाळूला नाही. फार तेल झालं तर शिकेकाईच्या पाण्यात चमचाभर बेसन.

आणि पाणी. याबद्दल कुणी विचारत नाही, पण विचारायला हवं. आमच्या सोसायटीला महापालिकेचं पाणी येतं ते गंगापूर धरणाचं. उन्हाळ्यात ते कमी पडलं की बोअर चालू होते. बोअरच्या जड पाण्यात साधा साबण फुटतच नाही, त्याचा पांढरा साका केसांवर बसतो. शाम्पू जड पाण्यातही फेस देतो, आणि लोकांनी तो उचलला त्यात याचाही वाटा असणार. शिकेकाईचा साका होत नाही, पण जड पाण्याने शेवटी केस राठ होतातच. मी मे महिन्यात एक बादली नळाचं पाणी फक्त शेवटच्या तांब्यांसाठी राखून ठेवते. घरात यावरून वाद होतात.

आता ज्याबद्दल मी लिफ्टमध्ये गप्प बसते ते. माझ्याकडे शाम्पूची एक बाटली आहे. दोन वर्षांपूर्वी थंडीत कोंडा झाला, कपाळापर्यंत पापुद्रे. मी मेथ्या वाटून लावल्या, दही लावलं, लिंबू लावलं, लासलगावच्या कांद्याचा रस लावला आणि घरच्यांनी मला गॅलरीत बसवलं. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सांगितलं, कोंड्यामागे एक बुरशी असते, ती सगळ्यांच्याच डोक्यावर राहते आणि तेलावर जगते. तेल पूर्ण बंद, आणि किटोकोनॅझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटं ठेवून धुवायचा. महिन्याभरात गेलं. तेव्हा शाम्पू सोडलाय म्हणून औषध नाकारायचा मूर्खपणा करू नका. बाटली कपाटात आहे, दर हिवाळ्यात एक-दोनदा निघते.

हे सगळं सांगून झालं की समोरच्या बाईचा चेहरा पडतो. ‘एवढं कोण करणार?’ बरोबर आहे. या प्रश्नावर मी खूप विचार केला आहे.

जुन्या नाशकात तिवंध्याजवळ आमचा वाडा होता. रविवारी बंब पेटायचा आणि आम्ही चौघी चुलत बहिणी ओळीने न्हायचो. बुधवारी नाही, कारण भाऊ असलेल्या बहिणीने बुधवारी न्हायचं नाही. पाटावर बसायचं, डोळे गच्च मिटायचे, आणि आजी एका हाताने तांब्या ओतत दुसऱ्या हाताने टाळू चोळायची. मागे काकू पाणी विसणायला. डोळ्यात जायचंच. रडायचो. मग उन्हात केस सोडून बसायचो आणि धुपाटण्यावर ऊद टाकून केस धुपवले जायचे. सगळी सकाळ जायची.

म्हणजे शिकेकाईने न्हायला दोन माणसं लागतात. न्हाणारं एक आणि न्हायला घालणारं एक. भाषेतच आहे बघा, ‘न्हायला घालणं’. कुणी शाम्पूला घालत नाही. आमची पिढी आळशी निघाली म्हणून शिकेकाई गेली असं जे व्याख्यान होतं, ते देणाऱ्यांच्या डोक्यावर पाणी कुणी ओतलं होतं हे विचारा. मला सकाळी सव्वासातला कंपनीची बस गाठायची असायची. दोन डबे, मुलाची शाळा, आणि लांब केस. एक रुपयाची पुडी दाताने फाडायची, सात मिनिटांत केस धुवून, ओल्या केसांचा अंबाडा बांधून बसमध्ये. त्या पुडीने मला सव्वीस वर्षं साथ दिली, तिला मी नावं ठेवणार नाही. गंमत म्हणजे ‘शाम्पू’ हा शब्द निघाला हिंदीतल्या ‘चांपो’ वरून. चांपणं म्हणजे दाबणं, अर्थाने आपल्या चेपण्याच्या जवळचं. पाटण्याच्या शेख दीन महंमदाने एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये ब्रायटनला मालिशीचं स्नानगृह काढलं आणि राजाचा ‘शाम्पू सर्जन’ झाला. शब्दात चेपणारा दुसरा माणूस होता. बाटलीत भरताना तो बाहेर राहिला.

मी शाम्पू सोडू शकले ते मला वेळ मिळाला म्हणून. तुमची सव्वासातची बस असेल तर सौम्य शाम्पू घ्या, दोन-तीन दिवसांआड, तळहातावर पाण्यात पातळ करून फक्त टाळूला लावा, आणि माझ्यासमोर ओशाळे होऊ नका. रविवार मोकळा असेल तर शिकेकाई करा. पावसाळ्याआधी आणून ठेवा, नंतर शेंगा सर्द होतात आणि पोरकिडे लागतात.

आई आता माझ्याकडे असते. एकोणऐंशी वर्षांची, केस चिमूटभर, पांढरेशुभ्र. हात वर जात नाही म्हणून रविवारी तिला मी न्हायला घालते. पहिल्या रविवारी मी मोठ्या अभिमानाने माझं गाळलेलं पाणी कोमट करून आणलं, तिला प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसवलं आणि पहिला तांब्या ओतला.

‘डोळ्यात गेलं,’ ती म्हणाली.

‘मिटून घे ना.’

‘आयुष्यभर मिटले. मी तुला दुकान सांगितलं ते तुझ्यासाठी. तुझ्याकडे ते बाटलीतलं नाही का, लहान बाळांचं? डोळ्याला न लागणारं?’

संध्याकाळी जाऊन आणलं. आता दर रविवारी तिचे केस मी बाळांच्या शाम्पूने धुते आणि मग माझे शिकेकाईने, एकटीच, डोळे मिटून, तांब्या चाचपत. ती दाराशी खुर्ची टाकून टॉवेल धरून बसलेली असते. ‘कानामागे राहिलंय,’ म्हणते. आणि राहिलेलं असतं.