मेटॅलिका क्रमाने वाजवताना : नववा आठवडा, काळा अल्बम

मेटॅलिका या अमेरिकन हेवी मेटल बँडचे अल्बम प्रकाशनाच्या क्रमाने ऐकायचे आणि प्रत्येकातील निदान एक रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा, मूळ लयीत हाताखाली आणायची, असा उपक्रम मी जूनमध्ये गिरगावातल्या घरी सुरू केला. १९८३च्या ‘किल एम ऑल’पासून निघून मी आता १९९१च्या ‘मेटॅलिका’ या अल्बमपर्यंत, म्हणजे काळ्या मुखपृष्ठामुळे ज्याला काळा अल्बम म्हणतात तिथपर्यंत, आलो आहे. आमच्या घरातला जुना वाद नेमका याच जागी अडून बसलेला आहे. दादाच्या मते बँड १९९१ साली बाजाराला विकला गेला आणि त्याआधीचा, १९८८चा ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’ म्हणजे ‘जस्टिस’ हा त्यांचा शेवटचा प्रामाणिक अल्बम. ज्या ‘जस्टिस’वर हे मत उभे आहे, ती मित्राच्या सीडीवरून साठ मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर भरून घेतलेली प्रत होती. अल्बम पासष्ट मिनिटांचा आहे. त्यामुळे शेवटचे ‘डायर्स ईव्ह’ त्या कॅसेटवर मावलेच नाही आणि ते गाणे अस्तित्वात आहे हे आम्हा दोघांना कित्येक वर्षे ठाऊकच नव्हते.

आधी प्रगती नोंदवतो. ‘मास्टर ऑफ पपेट्स’ या गाण्याची मूळ लय मेट्रोनोमवर मिनिटाला २१२ ठोक्यांच्या आसपास भरते. मी १७६पर्यंत पोहोचलो आहे आणि तिथेच थांबलो आहे, कारण बँडचा गायक-गिटारवादक जेम्स हेटफिल्ड याच्याप्रमाणे सगळे फटके खालच्याच दिशेने मारायचे ठरवले की चौथ्या मिनिटाला कोपरापासून मनगटापर्यंत हात भरून येतो. मध्ये एखादा वरचा फटका घुसवला तर लय सहज साधते, पण रिफचा दात जातो. शिवाय श्रावणातल्या दमट हवेने तारांना आठवड्याभरात गंज धरतो, हा खर्च मी हिशेबात धरलेला नव्हता.

बँड विकला गेल्याचा आरोप काळ्या अल्बमच्याही आधीचा आहे. १९८४च्या ‘राइड द लाइटनिंग’मध्ये ‘फेड टू ब्लॅक’ अकूस्टिक गिटारवर सुरू होते, एवढ्यावरूनच त्या काळच्या काही कट्टर चाहत्यांनी नाके मुरडली होती. ते गाणे आज कोणालाही बाजारू वाटत नाही.

‘जस्टिस’ने माझे तीन आठवडे खाल्ले. शीर्षकगीत जवळजवळ दहा मिनिटांचे आहे आणि त्यात रिफमागून रिफ इतक्या येतात की त्यांचा क्रम मला कागदावर लिहून कपाटाच्या दारावर चिकटवावा लागला. बँडचा बासवादक क्लिफ बर्टन १९८६ साली स्वीडनमधील बस अपघातात गेल्यानंतरचा हा पहिला अल्बम. त्यात त्याच्या जागी आलेल्या जेसन न्यूस्टेडचा बास जवळजवळ ऐकूच येत नाही, त्यामुळे वाजवताना पायाखाली जमीन नसल्यासारखे होते. त्या अल्बमच्या दौऱ्यात हे शीर्षकगीत चालू असताना समोरचे लोक कंटाळलेले दिसत, असे बँडचा दुसरा गिटारवादक कर्क हॅमेट याने पुढे सांगितलेले आहे. कागद बघत बघत ते वाजवणाऱ्याला यात नवल वाटत नाही.

त्यानंतर त्यांनी निर्माता बदलला. मॉटली क्रू या बँडच्या १९८९च्या अल्बमचा भरदार ध्वनी ऐकून त्यांनी त्याचा निर्माता बॉब रॉक याला बोलावले. काळ्या अल्बमचे मिश्रण (मिक्सिंग) तीनदा झाले आणि खर्च दहा लाख डॉलरच्या घरात गेला. इतका पैसा ओतणाऱ्यांना अल्बम खपायला नको होता, असे मी म्हणणार नाही. तो खपलाही, एकट्या अमेरिकेत त्याच्या एक कोटी साठ लाखांहून अधिक प्रती गेल्या.

पण याच अल्बममधल्या ‘एंटर सँडमन’ची रिफ पाहा. ती हॅमेटची आहे. त्याने ती रचली तेव्हा तिचे शेपूट लगेच येत असे. ड्रमर लार्स उलरिकने सुचवले की पहिला तुकडा तीनदा वाजवावा आणि मगच शेपूट जोडावे. मी दोन्ही प्रकार वाजवून पाहिले. पहिल्यात ‘जस्टिस’चीच गर्दी आहे, तर दुसऱ्यात सहाव्या तारेच्या सहाव्या फ्रेटवरचा स्वर, म्हणजे मोकळी तार सा धरली तर तीव्र मध्यम, प्रत्येक वेळी नव्याने टोचतो. सूर मला चाळीस मिनिटांत सापडले, पण रिफ नीट वाजायला दोन आठवडे लागले, कारण १२३च्या संथ लयीत तळव्याने तार किती वेळ दाबून धरली हे उघडे पडते. वेगात माझ्या चुका लपत होत्या.

त्याच अल्बममधल्या ‘सॅड बट ट्रू’साठी तर सगळ्या तारा एक पूर्ण स्वर खाली उतरवाव्या लागतात. माझ्या बारीक तारा लोंबकळून खरखरू लागल्या, तेव्हा जाड संच आणला.

भास्करबुवा बखल्यांसारख्या ख्यालियाने गंधर्व मंडळीसाठी चाली बांधल्या, म्हणून आपण त्यांना बाजारू म्हणत नाही. मोठी तालीम लहान पदात बसवायलाही तितकीच तालीम लागते, हे आपल्याला मान्य असते. मेटॅलिकाला मोठे व्हायचे होते आणि त्यासाठी त्यांनी छाटणी केली, यात मला शंका नाही. पण छाटताना त्यांनी हलका माल खपवला, याचा पुरावा माझ्या बोटांना अजून सापडलेला नाही. १९९६च्या ‘लोड’बद्दल मी इतका निःशंक नाही. कापलेले केस आणि नटवी छायाचित्रे मला तेव्हाही खटकली होती, पण ते वाजवून पाहिल्यावरच लिहीन.

रविवारी दादा जेवायला आला होता. आतल्या खोलीत मी ‘डायर्स ईव्ह’ लावले होते, तर ताटावरूनच त्याने विचारले, “हे कोण रे? नवीन पोरं दिसतायत. चांगलं वाजवतात.” मी नाव सांगितले. त्याने आमटी वाढून घेतली आणि विषय बदलला.

पुढच्या नोंदीपर्यंत ‘मास्टर’ १८४वर न्यायचे आहे.