सत्तावीस फूट अँगल

आमच्या धंद्यात माप कानावर पडलं की हात आपोआप खिशातल्या टेपकडे जातो. बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, माझं लहानसं फॅब्रिकेशनचं शेड आहे. जाळ्या, कठडे, शटर, रॅक, असली कामं. ग्राहक फोनवर 'चार बाय सहा' म्हणाला की त्याचं पुढचं वाक्य यायच्या आत माझा लोखंडाचा हिशेब मांडून झालेला असतो.

गेल्या महिन्यात रात्री मी वाटाणे सोलत बसलो होतो. समोर लेक लॅपटॉप उघडून वाचत होती. ती इथेच युनिव्हर्सिटीत लॉ करते, आणि छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर तिचा प्रोजेक्ट आहे. मध्येच म्हणाली, "बाबा, ऐका. रुंदी 21 इंच, खोली अडीच फूट, उंची अडीच फूट."

मी म्हणालो, "सत्तावीस फूट अँगल. वीस फुटी दोन नग आणावे लागतील, तेरा फूट उरेल." अँगल म्हणजे काटकोनी लोखंडी पट्टी; चौकटीच्या बारा कडा मिळून तेवढी लागते.

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग सांगितलं, ते माप माणूस कोंडायच्या पेटीचं होतं.

अबू झुबैदा नावाच्या माणसाला अल-कायदाचा असल्याच्या संशयावरून 2002 मध्ये पाकिस्तानात पकडलं आणि सीआयएने, म्हणजे अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेने, गुप्त तुरुंगात ठेवलं. त्या ऑगस्टमध्ये त्याला दोन पेट्यांत आळीपाळीने कोंडत. एक मोठी, शवपेटीएवढी. तीत एकूण 266 तास. दुसरी ही, माझ्या सत्तावीस फुटांची. तीत 29 तास. शिवाय त्याच महिन्यात किमान 83 वेळा तोंडावर फडकं टाकून, वरून पाणी ओतून त्याला बुडवल्यासारखं केलं. पेट्यांचं हे सगळं अमेरिकन सिनेटच्या समितीने डिसेंबर 2014 मध्ये जाहीर केलेल्या अहवालात आहे, इंच आणि तासांसकट. त्याच्यावर आजपर्यंत आरोपपत्रसुद्धा दाखल झालेलं नाही.

मला चीड कशाची आली सांगू? मारहाणीची बातमी आपण रोज वाचतो आणि पान उलटतो. पण माप आलं म्हणजे कुणीतरी टेप धरली. कुणीतरी ठरवलं की वीस नको, एकवीस ठेवा. कुणीतरी कटिंग केलं, धार लागू नये म्हणून कडा घासल्या असतील, आणि बिल लावलं असेल.

हे मला कळतं, कारण मीही लावलेलं आहे.

2016 साली एका मोठ्या पोल्ट्री कंपनीचं काम मिळालं. लेयर केज, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे पिंजरे. ड्रॉइंग नीट होतं. कप्प्याची रुंदी 15 इंच, खोली 12 इंच, उंची पुढे 18 आणि मागे 15. तळाच्या जाळीला उतार, म्हणजे अंडं पडलं की घरंगळत पुढच्या पन्हळीत येतं, माणसाला हात आत घालावा लागत नाही. एका कप्प्यात तीन पक्षी. भागाकार तुम्हीच करा: एकीच्या वाट्याला 60 चौरस इंच. झेरॉक्सचा ए-फोर कागद 96 चौरस इंचांच्या वर भरतो. भागाकार मीही केला होता, पण मला तेव्हा फक्त किलोमागे मिळणारी मजुरी दिसत होती. दिवाळी तोंडावर होती.

फिटिंगला स्वतः गेलो. जुन्या शेडमध्ये पक्षी भरलेले होते, तिथल्या दोन रांगांची जाळी बदलायची होती. अमोनियाने डोळे चुरचुरत होते. चोचीची टोकं छाटलेली, मानेवरची पिसं जाळीला घासून गेलेली. एका कोपऱ्यात एक कोंबडी इतरांपेक्षा खाली बसलेली दिसली म्हणून वाकून बघितलं. तिला जमिनीवर उकरायला कधी मिळालंच नव्हतं, त्यामुळे नखं झिजलेली नव्हती. वाढून वाढून तारेभोवती वळली होती, आकडीसारखी. पाय सोडवायला मला पक्कड लागली. सोडवल्यावर ती उठून कुठे जाईल असं वाटलं होतं. ती तिथेच बसली.

सुपरवायझर सज्जन माणूस होता, त्याने मला चहा पाजला. म्हणाला, "शेठ, एवढं मनाला लावून घेऊ नका. इतके टक्के मॉर्टालिटीत धरलेलेच असतात." मॉर्टालिटी म्हणजे मरतूक. आम्ही जोडकामात दोन-तीन सूत टॉलरन्स, म्हणजे चालून जाणारी चूक, धरतो, तसंच.

त्या पैशातून मी बेंडिंग मशीन घेतलं. ते आजही चालतं. दुसऱ्या वर्षी पुन्हा ऑर्डर आली, तेव्हा नाही म्हणालो. आमच्याच लाइनमधल्या एकाने किलोमागे दोन रुपये कमी लावून ती घेतली. म्हणजे एकही कोंबडी वाचली नाही, हे मला माहीत आहे.

कायदा नाही असंही नाही. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात कलम 11 आहे. जनावराला पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा. पहिल्या गुन्ह्याला दंड कमीत कमी 10 रुपये, जास्तीत जास्त 50. आज रावपुऱ्यात 50 रुपयांत दोन माणसांचा नाश्ता होत नाही. युरोपियन युनियनने असले उघडेबोडके पिंजरे 2012 पासून बंद केले. आमच्या बडोद्यात 2021 च्या नोव्हेंबरात फर्मान निघालं, कशाचं? आम्लेटच्या लाऱ्यांवरची, म्हणजे हातगाड्यांवरची, अंडी झाकून ठेवा, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या भावना दुखावतात. लारीवाला बिचारा कापड शोधत हिंडला. कोंबडी कुणालाच आठवली नाही.

त्या रात्री लेकीने आणखी एक धागा सांगितला, आणि मग मला झोप लागली नाही. 1967 मध्ये पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात कुत्र्यांवर प्रयोग झाले. पट्ट्यांत अडकवलेल्या कुत्र्यांना विजेचे झटके द्यायचे, काही केलं तरी ते थांबणार नाहीत असे. नंतर त्यांना अशा खोक्यात ठेवायचं की मधला बुटका कठडा ओलांडला की सुटका. बरीचशी कुत्री उठलीच नाहीत. पडल्या पडल्या झटके सोसत राहिली. या हतबलतेला शास्त्रात नाव मिळालं, पाठ्यपुस्तकांत धडा झाला. पस्तीस वर्षांनी सीआयएसाठी कंत्राटावर काम करणाऱ्या दोन मानसशास्त्रज्ञांनी तीच कल्पना उचलली: माणसालाही त्या कुत्र्याच्या अवस्थेला आणलं की तो बोलेल. त्यांच्या कंपनीला 8 कोटी 10 लाख डॉलर मिळाले. मूळ प्रयोग करणाऱ्या शास्त्रज्ञाने या वापराबद्दल जाहीर दुःख व्यक्त केलं, तेही लेकीने वाचून दाखवलं. ठीक आहे. मला मात्र ती नखं सोडवल्यावरही न उठलेली कोंबडी दिसत होती.

आणि अमेरिकन सरकारचे वकील! 1 ऑगस्ट 2002 च्या टिपणात त्यांनी लिहून दिलं की वेदना मरणाइतकी किंवा अवयव निकामी होण्याइतकी तीव्र असेल तरच तो छळ म्हणायचा. त्याच्या अलीकडचं सगळं टॉलरन्समध्ये.

अमेरिकेला शिव्या घालणं सोपं आहे, आपल्याकडे तर ड्रॉइंगसुद्धा लागत नाही. बिहारमध्ये भागलपूरला 1979-80 मध्ये पोलिसांनी तीसहून अधिक कैद्यांचे डोळे दाभणाने फोडून त्यात अ‍ॅसिड ओतलं. पोती शिवायचं दाभण. अ‍ॅसिडला म्हणायचे 'गंगाजल'. भारताने छळविरोधी करारावर सही केली 14 ऑक्टोबर 1997 ला, आणि ती सही तशीच पडून आहे, आपण करार अजून मंजूर केलेला नाही. 2010 मध्ये छळ प्रतिबंधक विधेयक लोकसभेत पास झालं, राज्यसभेने ते प्रवर समितीकडे पाठवलं आणि पुढे ते बारगळलं. 2017 मध्ये विधी आयोगाने पुन्हा शिफारस केली. 2020 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही लावायला सांगितले. लेक म्हणते, बाबा, इतकं सगळं कागदावर आहे की माझा प्रोजेक्ट लिहायला सोपा जातोय.

'हत्तीच्या पायी देणे' हा वाक्प्रचार शाळेत शिकलो तेव्हा आम्ही तो वाक्यात उपयोग करून मोकळे झालो होतो. बडोद्याचे महाराज खंडेराव गायकवाडांच्या काळात इथे, या शहरात, तशी शिक्षा दिल्याचं लुई रूसले या फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेवलं आहे. माणसाला मारायला जनावर शिकवायचं, आणि ते शिकवण्यासाठी आधी त्याला अंकुश टोचायचा.

दुसऱ्या दिवशी शेडवर भंगारातला अँगल पडला होता. वेल्डरला म्हणालो, 21 बाय 30 बाय 30 ची फ्रेम कच्चे टाके मारून दे. त्याला वाटलं कुत्र्याच्या पिंजऱ्याचं सँपल आहे. वीस मिनिटांत तयार झाली. मी आत शिरलो. माझी उंची पाच फूट सहा इंच. गुडघे छातीला लागले, मान खाली वाकवावी लागली, डावा खांदा आडव्या अँगलला टेकला. चारी बाजू उघड्या होत्या, पंखा चालू होता, समोर चहाचा कप दिसत होता. चार मिनिटांनी पोटरीत गोळा आला आणि मी बाहेर आलो. अबू झुबैदाच्या पेटीच्या नुसत्या बाजू बंद होत्या असं नाही, दारही त्याच्या हातात नव्हतं.

वेल्डर हसत होता, फोटो काढू का विचारत होता. मी त्याला सांगितलं ते कशाचं माप आहे. त्याचं हसू थांबलं. हा माणूस अकरा वर्षं माझ्याकडे आहे. त्याच्या घरची लग्नं, आजारपणं, सगळं मला माहीत आहे असं मी समजत होतो.

म्हणाला, "शेठ, मेरे छोटे भाई को दो रात बिठाया था. मोबाइल चोरी का शक था."

"मग?"

"पेटी नहीं थी. टेबल था." मग जरा थांबून म्हणाला, "मोबाइल बाद में उसी के घर से मिला, जिसका खोया था."

कुठे, कधी, मी विचारलं. त्याने हात हलवला, जाऊ दे अशा अर्थाने, आणि फ्रेमचे टाके तोडायला ग्राइंडर लावला. भाऊ आता काय करतो ते मी संध्याकाळी पगार देताना विचारलं. घरीच असतो, म्हणाला. उजवा हात वर जात नाही.