पोट्टं तयार झालं का, मॅडम?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. तसं हे विचारणारे तुम्ही एकटे नाही. विदर्भातल्या आमच्या आर्वीच्या बाजारात, एसटीच्या थांब्यावर, एवढंच काय तेरवीच्या पंगतीतही कुणीतरी बाप मला बाजूला घेतो आणि म्हणतो, "मॅडम, पोट्टं लय चांगलं खेळते म्हनतेत सारे. आता शाळा सोडून हॉकीतच टाकू का त्याले? प्रोफेशनल व्हाले तयार झालं का थे?" मी शाळेत खेळाची शिक्षिका आहे, कधीकाळी विद्यापीठाच्या संघातून खेळले, आणि सकाळी गावच्या मुरमाच्या मैदानावर पोरापोरींना हॉकी शिकवते. म्हणून प्रश्न माझ्याकडे येतो. उभ्याउभ्या "हो" म्हणावं तर पोराची शाळा सुटते आणि "नाही" म्हणावं तर बापाचं तोंड उतरतं.

तुमच्या एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत. पोरानं घर कधी सोडायचं, हा पहिला. खेळाच्या पैशावर कधी जगायचं, हा दुसरा. या दोन तारखांमध्ये पाच-सात वर्षं तरी जातात. आपल्याकडे पहिल्या निर्णयाला फार उशीर होतो आणि दुसऱ्याची फार घाई असते. "पोट्टं बारावी होऊ द्या, मग पाहू" म्हणणारा बापच दोन महिन्यांनी विचारतो, "मग कमवाले कवा लागन थे?"

पहिला निर्णय लवकर का घ्यायचा, तर मैदानामुळे. मुरमावर चेंडू उसळतो, खड्याला लागून वाट बदलतो. आपली पोरं त्यावर नजर आणि मनगट कमावतात, चेंडू स्टिकला चिकटवून चार जणांना चकवतात आणि टाळ्या घेतात. टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर, चेंडू सरळ, जमिनीलगत आणि जोरात येतो. तो पळता पळता घ्यायचा आणि लगेच पुढे द्यायचा. तिथे दुसऱ्याला चकवायला गेलं की तिसऱ्याने चेंडू काढून नेलेला असतो. शिवाय सतत वाकून खेळावं लागतं. मुरमावर तासभर न दमणारं पोरगं टर्फवर दहा मिनिटांत मांड्या धरून उभं राहतं. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकपासून मोठी हॉकी कृत्रिम मैदानावर आहे. आमच्या गावात ती अजून यायची आहे. सोळा-सतरा वर्षांपर्यंत मुरमावरच राहिलेल्या पोराच्या हातातली ही सवय मोडणं जड जातं, मग ते कितीही हुशार असो. म्हणून बारा ते चौदा या वयात टर्फ असलेल्या, राहण्याची आणि शाळेची सोय असलेल्या ठिकाणी पोरगं गेलेलं बरं.

आपल्या मातीतलंच उदाहरण घ्या. विवेक सागर प्रसाद हा इटारसीजवळच्या खेड्यातला मुलगा. अकोल्याच्या एका स्पर्धेत खेळताना तो अशोक कुमारांच्या नजरेत भरला. हे अशोक कुमार म्हणजे मेजर ध्यानचंदांचे चिरंजीव, १९७५ चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघातले. विवेक तेव्हा बारा-तेरा वर्षांचा. तिथून तो भोपाळच्या अकादमीत गेला, आणि २०१८ च्या जानेवारीत, अठरा पूर्ण व्हायच्या आत, भारताकडून खेळला. पुढे टोकियो ऑलिम्पिकचं कांस्यपदक. ही गोष्ट सांगितली की लोकांच्या लक्षात फक्त अकोला राहतं: "पाहा, अकोल्यात पाह्यलं अन् इंडियात गेला!" मधली चार-पाच वर्षं भोपाळला गेली. अकोल्यात तो दिसला, तयार तिकडे झाला. आपल्या राज्यात फलटण तालुक्यातली शेतकऱ्याच्या घरची वैष्णवी फाळके अशीच पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून भारताच्या संघापर्यंत गेली. प्रबोधिनी राज्य शासनाची आहे, राहणं-जेवण-शिकणं शासनाकडे. निवडीच्या चाचण्यांत उंची, ३० मीटर धाव, उभी उडी, मेडिसिन बॉल फेक, ८०० मीटर असं सगळं मोजतात. किती गोल केले ते तिथे कुणी विचारत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मीही गोल मोजत नाही. पोरगं घर सोडायला तयार आहे का हे बघायचं असलं की मी त्याला चालू मॅचमध्ये बाहेर काढते, तेही चांगलं खेळत असताना. आता हॉकीत पंधरा मिनिटांचे चार क्वार्टर असतात आणि खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येतो. चारपाच मिनिटं जीव तोडून पळायचं, बाहेर येऊन बसायचं, पाणी प्यायचं, परत आत जायचं. म्हणजे बसणं हासुद्धा खेळाचाच भाग झाला. गावातला हिरो बाहेर आला की स्टिक आपटतो, बुटाची लेस सोडून टाकतो, मोबाइल मागतो. दुसरं एखादं पोरगं बाहेर बसूनही आतल्या मुलांना ओरडून सांगत असतं, "उजव्या बाजूले पाह्य, उजव्या बाजूले!" त्याचा खेळ थोडा कच्चा असला तरी मी त्याचं नाव पुढे करते. अकादमीत हे पोरगं वर्षभर कुणाच्या तरी मागच्या नंबरावर असणार आहे. गावात त्याला कुणी बसवलंच नसेल तर तिथल्या पहिल्याच महिन्यात घरी फोन येतो: "बाबा, मले न्याले या." एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. विदर्भातल्या पोरांना हिंदी येते, त्यामुळे होस्टेलवर ती बुजत नाहीत.

आता वय. हा फार नाजूक विषय आहे, पण बोलावंच लागतं. माझ्या शाळेच्या रजिस्टरात अर्ध्या वर्गाचा जन्म १ जूनचा आहे. आधीच्या गुरुजींनी नाव दाखल करताना सोयीची तारीख टाकून दिली, त्यात पोरांचा काय दोष? पण खरं वय मला माहीत असावं लागतं. मी आईला विचारते, हा झाला तेव्हा पोळा होऊन गेला होता का, त्या साली पराटीवर बोंडअळी आली होती का. आयांना सगळं आठवतं. कारण तेराव्या वर्षी मिसरूड फुटलेलं पोरगं त्याच्या वयाच्या पोरांना सहज ढकलून पुढे जातं, आणि गाव म्हणतं, काय ताकद आहे! दोन वर्षांनी बाकीचे त्याच्याएवढे होतात आणि त्याच्याकडे ताकदीशिवाय दुसरं काही नसतं. उलट एखादं किरकोळ पोरगं धक्का लागू नये म्हणून डोकं चालवून खेळायला शिकलेलं असतं. त्याची उंची सोळाव्या वर्षी वाढते. वयोगटाच्या मोठ्या स्पर्धांत मनगटाचा एक्स-रे काढून हाडावरून वय बघण्याची पद्धत आहे. तिथे कागदाची तारीख चालत नाही आणि पोरगं सगळ्यांसमोर बाहेर होतं. तेव्हा दोन वर्षं लपवायची युक्ती कुणी सुचवली तर ऐकू नका.

आणि पोरगं झपाझप उंच होत असताना कुठलाच निर्णय घेऊ नका. त्या काळात हातपाय लांब होतात, अंदाज चुकतो, येणारा चेंडू अडत नाही. गुडघ्याखाली जिथे हाडाला स्नायूची दोरी जोडलेली असते तिथे टेंगूळ येऊन दुखतं. बाप म्हणतो, "खेळ बिघडला याचा." खेळ बिघडलेला नसतो, शरीर नवं असतं. मी वर्गाच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने सगळ्यांची उंची लिहून ठेवते. मुख्याध्यापकांना ते आवडत नाही, दर रंगकामाला वाद होतो.

आपल्या भागात आणखी एक तपासणी मी सोडत नाही: सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. पूर्व विदर्भात हा आजार घराघरांत आहे आणि आपल्याकडेही कमी नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ताची तपासणी होते. पोरगं फक्त वाहक असेल, म्हणजे त्याला स्वतःला आजार नसेल पण पुढच्या पिढीला तो जाऊ शकत असेल, तर ते खेळू शकतं, पण भर उन्हात, पाणी न पिता, जीव जाईस्तोवर पळवलं तर त्याला धोका असतो. हे तिथल्या प्रशिक्षकाला माहीत पाहिजे. आजारच असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय कुठेही पाठवायचं नाही. लोक हे लपवतात, बहुतेक पोरीच्या लग्नाच्या भीतीने. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात लपवलेली ही गोष्ट पोराच्या जिवावर येऊ शकते.

पोरींचा विषय निघालाच आहे तर सांगते, त्यांच्या बाबतीत माझा हात जरा सैल आहे. पोरगा ऐंशी टक्के तयार वाटला तर मी थांबवते, पोरगी साठ टक्के वाटली तरी पाठवते. अन्याय म्हणा हवं तर. पोरगा वर्षभर थांबला तर तेवढंच मागे पडतो. पोरीचं ते वर्ष सोयाबीनच्या काढणीत, धाकट्या भावंडांत आणि पाहुण्यांना चहा देण्यात जातं, आणि अठरावं लागलं की घरात वेगळीच बोलणी सुरू होतात. तिथे होस्टेलवर तिला निदान रोज अंडी मिळतात आणि कुणीतरी तिचं हिमोग्लोबिन बघतं.

आता दुसरा प्रश्न, पैशाचा. हॉकीत लाखांनी पैसा मिळतो असं तुम्ही मोबाइलवर पाहिलंत, ते खरं आहे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये हॉकी इंडिया लीग या क्लब संघांच्या स्पर्धेसाठी खेळाडूंचा लिलाव झाला आणि भारतीय संघातल्या हरमनप्रीत सिंगला सूरमा क्लबने ७८ लाखांना घेतलं. पण त्याच लिलावात सगळ्यात खालची मूळ किंमत २ लाख होती. तेव्हा एका संघात २४ खेळाडू होते, त्यातले ८ परदेशी. उरलेल्या भारतीयांत किमान ४ ज्युनियर घ्यावेच लागले, तेवढं एक दार नव्या पोरांना होतं. मुलींची लीग तर २०२५ च्या जानेवारीत रांचीला पहिल्यांदा झाली, चारच संघांची. आणि हेही लक्षात घ्या: पुरुषांची लीग २०१३ ला सुरू झाली, २०१७ नंतर बंद पडली, ती थेट २०२४ च्या डिसेंबरात परत आली. मधल्या काळात जे पोरगं अठराचं झालं त्याला लीगच नव्हती. त्याने काय खाल्लं असेल?

नोकरी. आपल्या हॉकीत प्रोफेशनल होणं म्हणजे मुख्यतः खेळाडू म्हणून नोकरी लागणं. रेल्वे, पोलीस, लष्कर, पेट्रोलियम कंपन्या, बँका. लीगचा पैसा आला तर वरचा. रेल्वेच्या खेळाडू भरतीला वय अठरा ते पंचवीस लागतं आणि किमान दहावी लागते. पदवी असेल तर वरची जागा मिळू शकते. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्या पदाला जे शिक्षण लागतं ते तुमच्याकडे असावंच लागतं, आणि खेळाच्या प्रमाणपत्राची पडताळणीही होते. म्हणून शाळा सोडायची का, याला माझं उत्तर ठाम "नाही" असं आहे. दहावी नापास राहिलेला चांगला सेंटर हाफ, म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू, मी पाहिला आहे. भरतीची जाहिरात निघाली की तो दुसऱ्यांचे फॉर्म भरून देतो. स्वतःचा भरता येत नाही.

इथे कुणीतरी राणी रामपालचं नाव काढतंच. हो, ती २००९ मध्ये चौदाव्या वर्षी भारताकडून खेळली, आणि तिचे वडील गाडा ओढत होते. पण ती हरियाणातल्या शाहाबादची. तिथे प्रशिक्षक बलदेव सिंगांच्या हाताखाली भारताकडून खेळलेल्या मुलींबरोबर ती लहानपणापासून सराव करत होती. तिचं चौदावं वर्ष आणि आपल्या गावच्या पोरीचं चौदावं वर्ष एकाच मापाने कसं मोजायचं? आपल्या पुण्याजवळच्या खडकीचा धनराज पिल्ले १९८९ मध्ये पहिल्यांदा भारताकडून खेळला तेव्हा एकविशीत होता. त्याला कुणी उशीर झाला म्हणत नाही.

तेव्हा पैशाच्या कागदावर सही अठराच्या आधी नको, बारावीची परीक्षा झाल्याशिवाय नको, आणि राष्ट्रीय स्पर्धेत राज्याच्या संघातून खेळल्याशिवाय तर कुणी विचारतही नाही. मधे कुणी येऊन म्हणेल, अमुक रक्कम भरा, थेट लीगमध्ये घेतो. गेल्या उन्हाळ्यात असा एक जण शेजारच्या गावात येऊन गेला, ट्रॅकसूट घालून, गळ्यात शिट्टी. खेळाडूला पैसे मिळतात. खेळाडूने द्यायचे असतील तर ती खेळाडूची भरती नव्हे.

तुमच्या पोराबद्दल मी अजून काहीच सांगितलं नाही, कारण त्याला मी एकदाच पाहिलं आहे, तेही तो जिंकत असताना. रविवारी सकाळी साडेसहाला त्याला घेऊन या. जन्माचा दाखला, मागच्या वर्षीचं गुणपत्रक आणि सिकलसेलचा रिपोर्ट असला तर तोही आणा, नसला तर सोमवारी आरोग्य केंद्रात करून घेऊ. बूट नसले तरी चालतील. त्याच्या आईलाही सोबत आणा. तारखा तिलाच विचाराव्या लागतील. आणि त्या दिवशी मी त्याला अर्ध्यातून बाहेर बसवणार आहे, हे त्याला आधी सांगू नका.