बाई आणि ती दोनशे पानी वही

अमृतमहोत्सवाचं पत्र व्हॉट्सॲपवर आलं तेव्हा मी नाईट ड्युटीवर होते. साडेतीन वाजले असतील, वॉर्ड शांत होता, आणि पत्रावरचा शाळेच्या गेटचा फोटो बघून एकदम बाईंचा आवाज कानात आला, "काय गं, डबा खाल्लास का?" बाई म्हणजे कोण ते आपल्या शाळेत कुणाला सांगायला नको. सर बरेच होते, मॅडम पण होत्या, पण नुसतं बाई म्हटलं की त्या एकच, सायन्स शिकवणाऱ्या, टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये शेंगदाणे-गुळाचा डबा ठेवणाऱ्या. पत्रात लिहिलंय की शाळेविषयी मनोगत पाठवा, पण मी बाईंवरच लिहिणार आहे, बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये.

२००५ ला मी दहावीत होते आणि शाळेची जीएस, म्हणजे जनरल सेक्रेटरी, होते. आमच्या वेळी जीएसची रीतसर निवडणूक व्हायची, चिठ्ठ्या टाकून. निवडून आले आणि माझ्या डोक्यात बसलं की आता शाळेतलं प्रत्येक काम आपलंच. प्रार्थनेचा माइक मी लावायचा, उशिरा येणाऱ्यांची नावं मी लिहायची, आठवीच्या पोरींची भांडणं मी मिटवायची, ऑफ तासाला वर्ग मी सांभाळायचा. सकाळी चहा-खारीवर घरातून निघायचे, मधल्या सुट्टीत कुठलं तरी काम असायचंच, डबा तसाच परत. रात्री बारा-एकपर्यंत अभ्यास आणि पहाटे पाचला परत उठायचं. आई चिडायची, पण मला खरं सांगायचं तर त्याचा अभिमान वाटायचा. जेवायला वेळ नाही म्हणजे आपण महत्त्वाचे, असं वाटण्याचं वय असतं ते.

जुलैच्या शेवटाला पाऊस धरला तो सुटेचना. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी किती चढलं त्याचे आकडे सांगलीत लहान पोरांना पण पाठ असतात, ४० फूट इशारा, ४५ फूट धोका, आणि त्या वर्षी दोन्ही मागं पडले. सांगलवाडी, गावभाग, मारुती चौक, टिळक चौक सगळीकडं पाणी. आपली शाळा उंचावर, म्हणून लोकं इकडं आली. कुणी सिलिंडर घेऊन, कुणी देवाचा टाक पदराला बांधून, एका आजींनी तर फक्त हळद-मसाल्याचा डबा आणलेला, बाकी काही नाही. शाळेला सुट्टी होती पण जवळ राहणारी आम्ही दहा-बाराजणं रोज यायचो. बेंच व्हरांड्यात काढून ठेवले, वर्गात सतरंज्या घातल्या. पाण्याच्या पिंपात क्लोरिन टाकायचं, ते किती टाकायचं आणि मग अर्धा तास थांबूनच पाणी प्यायला द्यायचं, हे बाईंनी शिकवलं, मी ते आजपण तसंच सांगते लोकांना.

माझ्याकडं वही होती. दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची, पट्टीनं रकाने आखलेली. नाव, गल्ली, घरातली माणसं, लहान मुलं, चालू औषधं, सकाळचं जेवण, रात्रीचं जेवण. प्रत्येक वर्गात जाऊन मी टिक करायचे आणि वही कुणाच्या हातात द्यायचे नाही. अक्षर बिघडेल, कुणाचं तरी नाव राहील, अशी भीती.

तिसऱ्या दिवशी दुपारी पिंपाजवळ वाकले आणि उठताना डोळ्यापुढं अंधार आला. पडले नाही, भिंतीला धरून खाली बसले एवढंच, पण बाईंनी लांबून बघितलं. त्या आल्या, मला व्हरांड्यात आडवी केली, पायाखाली कुणाचं तरी दप्तर दिलं. ओरडल्या नाहीत. माझ्या काखेतली वही काढून घेतली आणि एकेक पान बघत बसल्या. मला वाटलं चूक शोधतायत. सगळी पानं बघून झाल्यावर म्हणाल्या,

"छान लिहिलंयस. यात तू कुठंयस?"

मी म्हटलं, "मी कशाला बाई, मी तर कामावर आहे."

"मग कामावरच्या माणसांना पोट नसतं होय?"

त्यांनी लाल पेन काढलं, पहिल्या पानावर समासाच्या वर जी रिकामी जागा असते तिथं माझं नाव लिहिलं, माझ्या खाली बाकीच्या दहा-अकराजणांची, मग स्वतःचं. सकाळच्या जेवणाच्या रकान्यात माझ्यापुढं फुली मारली. मग स्वतःच्या नावापुढं पण फुली मारली, कारण त्या पण जेवल्या नव्हत्या. आणि खिचडीच्या दोन प्लेटा मागवून माझ्याशेजारी फरशीवर मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, आता आपण दोघी टिक करू.

जेवण झाल्यावर खरा प्रॉब्लेम. बाई म्हणाल्या, चार ते सहा तू झोपायचं, वही हिच्याकडं द्यायची. ही म्हणजे माझी बेंचवरची मैत्रीण, ती हे वाचून ओळखेल. मला रडायला आलं. खरंच रडले, आपल्याकडून काम काढून घेतलं असं वाटलं. बाई काही समजवत बसल्या नाहीत, लायब्ररीत चटई टाकून दिली आणि दार ओढून घेतलं. साडेसहाला जाग आली तर वही उशाशी ठेवलेली. उघडून बघितलं. सगळं टिक केलेलं होतं, आणि मैत्रिणीनं एक गोष्ट जास्तीची केलेली, ज्या घरात अंगावर पिणारं बाळ आहे त्या नावापुढं पेन्सिलनं छोटा गोल काढला होता आणि तेवढ्या बायकांना संध्याकाळी दूध जास्त दिलं होतं. तीन दिवस मी ती वही छातीशी धरून फिरत होते, मला हे सुचलं नव्हतं.

पाणी उतरल्यावर बाई मला आणि आईला घेऊन दवाखान्यात गेल्या. हिमोग्लोबिन ८.४ निघालं. मुलींचं १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात. पाळीत खूप जातं हे मी घरात कधी बोललेच नव्हते, बाईंनी रस्त्यात सहज विचारलं आणि मी सांगितलं. गोळ्या चालू झाल्या. जेवणाबरोबर चहा प्यायचा नाही, त्यानं लोह अंगी लागत नाही, पालेभाजीवर लिंबू पिळायचं, हे बाईंनी आईला दहा वेळा बजावलं. दिवाळीनंतर जिना चढताना धाप लागायची बंद झाली तेव्हा मला कळलं की आधी लागत होती.

त्या वर्षी बाईंनी जीएसच्या कामाच्या पाळ्या लावल्या. माइक एकाकडं, गेट दुसऱ्याकडं, आणि शनिवारी मला कुठलंच काम नाही, ग्राउंडवर खो-खो खेळायचा. दहावीला ८३ टक्के पडले ते त्यातूनच, असं मी मानते.

मी आता पुण्यात एका हॉस्पिटलमध्ये नर्सिंग सुपरवायझर आहे, ३८ सिस्टर आणि ब्रदर माझ्याकडं आहेत. २०१९ ला सांगलीत पुलाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा रस्ते उघडल्याबरोबर हॉस्पिटलची टीम घेऊन आले होते, आणि पुढच्याच वर्षी कोविड. पीपीई किट घातलं की सहा तास पाणी नाही, बाथरूम नाही, तरी नवीन पोरी म्हणायच्या, सिस्टर अजून एक शिफ्ट करते. मी नाही म्हणायचे. ड्युटीचा तक्ता मी करते त्यात माझी वीकली ऑफ पहिल्यांदा टाकते, सगळ्यांना दिसेल अशी. सुरुवातीला एकदोघी कुजबुजल्या, बघा स्वतःची सुट्टी आधी. नंतर त्यांनी पण मागायला सुरुवात केली, आणि आजारी पडून अचानक दांड्या होतात त्या खूप कमी झाल्या.

आता थोडं वाईट वाटतं ते पण लिहिते. गेल्या मे महिन्यात शाळेत जाऊन आले. ग्राउंडवर पेव्हर ब्लॉक घातलेत, खो-खोचे खांब कुठं गेले माहीत नाही. दहावीचा पीटीचा तास गणिताला दिला असं कळलं. निवडणूक पण होत नाही म्हणे, मार्कांवर नेमतात. माझा भाचा दुसऱ्या एका शाळेत हेड बॉय आहे, दोन क्लास, रात्री एकला झोपतो, साडेपाचला उठतो. तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास झोप लागते, मी त्याच्या आईला सांगून थकले. त्याला विचारलं तर म्हणतो, "मावशी, मला वेळ नाही." अगदी माझाच सूर. त्याच्या शाळेत त्याला कुणी बाई भेटल्यात का, हे विचारायचं धाडस झालं नाही.

बाई रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. विश्रामबागला त्यांच्या घरी गेले होते, गुडघे दुखतात पण चालतात. साडेबारा वाजलेले आणि त्या मला भडंग आणि चहा देण्याच्या गडबडीत. मी स्वयंपाकघरात गेले, कुकर उघडला नव्हता. म्हटलं बाई, जेवलात का? त्या नुसत्या हसल्या. मग मी दोन ताटं घेतली.

संयोजकांना एकच विनंती आहे. कार्यक्रमाच्या दिवशी आठवी-नववीची मुलं बिल्ले लावून दिवसभर धावणार, पाहुण्यांना पाणी देणार, खुर्च्या लावणार, त्या सगळ्यांच्या नावाची यादी मला आधी पाठवा. दुपारी साडेबाराला त्यांची पंगत पहिली बसवू या, पाहुणे अर्धा तास थांबतील. वाढायला मी उभी राहते, आणि बाईंना त्या पंगतीत त्यांच्याबरोबर बसवायचं माझ्याकडं लागलं.