तुम्ही विचारलंत म्हणून: बर्फाला कसली आली उष्णता?

शनीच्या कड्यांवर काम करते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. विज्ञान दिनाला आयुका ही पुण्यातली खगोलशास्त्राची संस्था बघायला आलेले आजोबा विचारतात, सोसायटीतल्या काकूही विचारतात: "शनीभोवती फिरलेल्या कॅसिनी यानाने इतके सुंदर फोटो पाठवलेत, मग तुम्ही त्या बर्फाची उष्णता कशाला मोजता? बर्फाला कसली आली उष्णता?"

असते हो. कड्यांमधले तुकडे बहुतेक पाण्याच्या बर्फाचे, काही सेंटिमीटरपासून काही मीटरपर्यंतचे. तापमान साधारण ७० ते ११० केल्विन, म्हणजे उणे २०० ते उणे १६० सेल्सिअस. इतकं गारठलेलं काहीही किरण सोडतच असतं, पण ते ३० मायक्रॉनच्या आसपासचे, दूरच्या अवरक्तातले, म्हणजे लाल रंगापलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशातले. आपल्या हवेतली वाफ त्यातले बरेचसे वाटेतच गिळते. म्हणून कॅसिनीवरच्या अवरक्त वर्णपटमापकाचं मोल. २००४ ते २०१७ या काळातल्या त्याच्या नोंदी सर्वांना खुल्या आहेत. पुण्यात बसून त्या उघडता येतात, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

फोटोत दिसतो तो परतलेला सूर्यप्रकाश. तुकडा आतून कसा आहे, हे कळायला तो गार होताना पाहावा लागतो. ती सोय शनीनेच केली आहे: फिरता फिरता तुकडे त्याच्या सावलीत शिरतात आणि ऊन एकदम बंद होतं. सिंहगडावर सूर्य मावळल्यावर हात लावून बघा. वाटेवरची धूळ लगेच निवते, कातळ मात्र बराच वेळ ऊबदार राहतो. कड्यांचे तुकडे सावलीत शिरताच धुळीसारखे झपाट्याने निवतात. त्यांचा पृष्ठभाग घट्ट बर्फाच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी उष्णता धरून ठेवतो, म्हणजे वरचा थर अगदी भुसभुशीत, पोकळ असला पाहिजे.

पण सावली थोड्या वेळाची, तेवढ्यात फक्त वरचा पातळ थर निवतो. खोलवरचं समजायला ऋतू बदलावा लागतो. ऑगस्ट २००९ मध्ये शनीवर विषुव आलं, सूर्य कड्यांच्या पातळीत आला आणि ऊन जवळजवळ थांबलं. मुख्य कड्यांपैकी सर्वांत बाहेरच्या 'ए' कड्याचं तापमान ४३ केल्विनपर्यंत उतरलं. इतर कडी गणिताप्रमाणे वागली. ए कड्याचा मधला भाग मात्र गणितापेक्षा बराच ऊबदार निघाला! र्‍युजी मोरिशिमा, लिंडा स्पिल्कर आणि त्यांच्या सहकारी शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये अर्थ लावला तो असा: तिथले तुकडे सुमारे मीटरभराचे, आतून भक्कम बर्फाचे असावेत, वर फक्त भुसभुशीत पातळ थर. आतल्या बर्फाने उन्हाळ्यातली ऊब धरून ठेवली होती.

काकू, माझं उत्तर हेच. असा भक्कम बर्फ त्या एकाच भागात फार काळ एकवटून राहणं अवघड, म्हणून तो एखाद्या चंद्राच्या तुलनेने अलीकडच्या फुटीतून आला असावा, असं या शास्त्रज्ञांनी सुचवलं. हा संशय फोटोंवरून आलाच नसता.