टेबलक्लॉथचा फेटा

परदेशात सामान हरवायचंच असेल तर ते शनिवारी संध्याकाळी हरवू नये. जर्मनीत तर नाहीच नाही.

आमचं लेझीम पथक श्टुटगार्टला उतरलं ते नेमकं शनिवारी. मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ पासूनची भगिनी शहरं, तेव्हा सांस्कृतिक देवाणघेवाण ओघानं आलीच. विमानानं मात्र देवाण निम्मीच केली. लेझमांची पेटी पट्ट्यावर फिरत आली आणि धोतरं-फेट्यांच्या बॅगा मधल्याच कुठल्या तरी विमानतळावर राहिल्या. पेटीतल्या लोखंडी साखळ्या आणि चकत्या पाहून कस्टमवाल्याच्या कपाळाला आठी पडली. आमच्या म्होरक्यानं तिथंच लेझमीचा पहिला हात करून दाखवला, तेव्हा कुठं सुटका झाली.

कार्यक्रम रविवारी संध्याकाळी होता. ‘सकाळी बाजारातून कापड आणू,’ असं म्हटल्यावर आमच्या यजमानीण आजी हसायलाच लागल्या. रविवारी दुकानं बंद, आणि त्याचं मूळ थेट राज्यघटनेत! १९१९ च्या वायमार राज्यघटनेनं रविवार विश्रांतीसाठी राखून ठेवला आणि १९४९ च्या घटनेनं ते कलम तसंच्या तसं उचललं. स्टेशनातली मोजकी दुकानं उघडी असतात म्हणे, पण तिथं पाव मिळतो, धोतर नाही.

त्या रात्री जेवणातही गोची झाली. (रात्र म्हणायची एवढंच. जूनमध्ये तिथं नऊ वाजले तरी खिडकीत ऊन असतं, आणि उन्हात बसून रात्रीचं जेवायला आपल्या पोटाला पटत नाही.) आजींनी माउलटाशन केले होते, म्हणजे सारण भरलेले पिठाचे चौकोनी उंडे. आमचे हलगीवाले अण्णा माळकरी. त्यांनी आधी वास घेतला, मग माझ्याकडं पाहिलं. आत पालक होता, पण खिमाही होता. आजींनी कौतुकानं गोष्ट सांगितली : उपवासाच्या दिवसांत मांस देवाला दिसू नये म्हणून मठातल्या साधूंनी ते पिठात लपवलं. अण्णा शांतपणे म्हणाले, ‘देवाला नसंल दिसत, पण मला दिसतंय की.’ मग बटाट्याची कोशिंबीर पुढं आली. तीही मांसाच्या रश्शात मुरवलेली निघाली. शेवटी पाव, लोणी, काकडी. पाणी मागितलं तर सोड्यासारखं बुडबुड्याचं आलं. अण्णांनी एक घोट घेतला आणि ‘अपचन व्हायच्या आधीच औषध देतात’ असा शेरा मारला. दुसऱ्या दिवशी दुपारी आजींनी सॉसेज वगळून अख्खा मसूर शिजवला, तेव्हा अण्णांच्या लेखी जर्मनी देश एकदाचा माणसात आला.

प्रश्न उरला कपड्यांचा. आजींच्या बिछान्यावरच्या चादरींना कडेनं इलास्टिक होतं. त्याचं धोतर नेसून लेझीम खेळायची आमची तयारी नव्हती. मग त्यांनी एक जुनी पेटी उघडली. लग्नात माहेरून आलेल्या लिननच्या चादरी, घड्या मोडलेल्या नाहीत. त्याखाली लाल-पांढऱ्या चौकड्यांचे लांबलचक टेबलक्लॉथ, कडक इस्त्रीचे. श्टुटगार्टकडं जिना झाडायची आठवड्याची पाळी असते, जिची पाळी तिच्या दारावर पाटी लटकते. शहरानं १९८८ मध्ये सक्ती काढली तरी लोकांनी पाटी काही काढली नाही. आपल्या पाळीत जिन्याचा कोपरा न् कोपरा पुसणारी ही बाई आपलं रुखवत घामट डोक्यांना बांधायला देईल, असं मला मुळीच वाटलं नव्हतं. तिनं दिलं, आणि वर पिनाही दिल्या. चादर लांबीला कमी पडली, म्हणून धोतरं गुडघ्यावर आली. फेटे मात्र झकास बसले.

कार्यक्रम रंगला. हलगी कडाडली तशी पहिल्या रांगेतली म्हातारी मंडळी ठेका धरायला लागली. नंतर एका गृहस्थांनी फेट्याचा जवळून फोटो काढून घेतला. हा चौकडा कुठल्या जिल्ह्याचा, असं त्यांनी विचारलं. म्होरक्या क्षणभर घुटमळला आणि ‘सातारा’ म्हणाला.

पुढं बॅगा आल्या. शेवटच्या कार्यक्रमाला आम्ही भगवे फेटे, पायघोळ धोतरं असे ऐटीत उतरलो. तेच गृहस्थ पुन्हा आले होते. आमच्याकडं पाहून जरा खट्टू झाले आणि त्यांनी विचारलं, ‘आज पारंपरिक पोशाख नाही का?’